तांबातलं रानडुक्कर आणि मारियोचं गाव

यंदाच्या जानेवारीत चार दिवस क्योतो आणि त्याच्या मागच्या डोंगरात फिरून आलो. देवळं फारशी बघितलीच नाहीत, कारण मला दोनच गोष्टींसाठी जायचं होतं, एक म्हणजे मारियो हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्तेंदो कंपनीचं म्युझियम आणि दुसरं तांबा-सासायामा या गावातलं रानडुकराचं रश्शातलं मटण, ज्याला तिकडे बोटान नाबे म्हणतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं निघताना डोक्यातही नव्हतं.

सोबत कॉलेजचा मित्र होता, तो सहा वर्षं ओसाकात आहे, त्याच्याकडे गाडी आहे आणि त्याला जपानी येतं, त्यामुळे सगळं सोपं झालं. म्युझियमचं तिकीट लॉटरीने मिळतं, तीन महिने आधी अर्ज करावा लागतो, तोही त्यानेच केला होता.

म्युझियम उजीमध्ये आहे, ओगुरा स्टेशनवर उतरून चालत पाचेक मिनिटं. ही कंपनीची जुनी फॅक्टरी, 1969 ची, इथे पत्ते बनायचे. हो, पत्तेच! निन्तेंदो 1889 मध्ये क्योतोत सुरू झाली ती हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते बनवायला. 48 पत्ते, वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचं एक झाड किंवा फूल आणि त्याचे चार पत्ते. फॅक्टरीचं म्युझियम करून ते 2 ऑक्टोबर 2024 ला उघडलं.

वरच्या मजल्यावर फॅमिकॉम, म्हणजे निन्तेंदोचा जुना टीव्ही गेम, काचेत ठेवलाय, लाल-पांढरा, आणि त्याच्यासमोर मी खरंच बराच वेळ उभा राहिलो. आमच्याकडे नव्वदच्या दशकात जो टीव्ही गेम होता तो याचीच नक्कल होती, पिवळी कॅसेट, ती चालली नाही की फुंकर मारायची, परत खोचायची, दाबून धरायची आणि मग ते निळं आकाश आलं की सगळी पोरं ओरडायची. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्याच्या सुट्टीत एका टीव्हीसमोर नऊ-दहा जणं बसायचो आणि एक मेला की पुढचा. ती कॅसेट कुठून आली, कोणी बनवली, काही माहिती नव्हतं. त्याचं मूळ इथे होतं.

खालच्या मजल्यावर एक प्रचंड मोठा कंट्रोलर आहे, माणसाएवढा, तो एकट्याला चालवताच येत नाही, एकाने दिशेचं बटण सांभाळायचं आणि दुसऱ्याने उडीचं. मित्र पळवत होता आणि मी उडी मारत होतो, "आत्ता! अरे आत्ता!" असं ओरडत, आणि पहिल्याच लेव्हलच्या खड्ड्यात तीनदा पडलो. उडीचं सगळं गणित एका डोक्यात असतं तोपर्यंत ते जाणवत नाही, दोन माणसांत वाटलं की कळतं किती बारीक आहे ते, पळण्याचा वेग, कड्याची शेवटची वीट, बटण किती वेळ दाबून ठेवलंय, यातलं एक चुकलं की गेलं.

दुसऱ्या दिवशी सोनोबे. क्योतोहून साधारण पाऊण तासावर, छोटं, शांत गाव. मारियोचा कर्ता शिगेरू मियामोतो 1952 मध्ये इथेच जन्मला, आणि लहानपणी इथल्या रानात भटकताना त्याला एक गुहा सापडली आणि तो कंदील घेऊन आत शिरला ही गोष्ट त्याने स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. आम्ही गुहा वगैरे शोधली नाही. नुसतं भाताच्या कापलेल्या खाचरांमधून चाललो. बुटके गोल गोल डोंगर, मध्ये सपाट पट्टी, मग ओढा, मग परत डोंगर, आणि मला एकदम वाटलं की मी हे आधी बघितलंय, गेममध्येही आणि आमच्या गावातही. हा सगळा भाग जुना तांबा प्रांत. सासायामा पण तांबातच. म्हणजे ज्या रानात तो पोरगा फिरत होता त्याच डोंगररांगांतली डुकरं आम्ही रात्री खाणार होतो.

372 नंबरच्या रस्त्याने सासायामाला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. किल्ल्याचं गाव आहे, किल्ला 1609 चा, तोकुगावा इएयासूच्या हुकमाने बांधलेला. आम्ही एका जुन्या घरगुती सराईत उतरलो, चालवणाऱ्या आजी सत्तरीच्या असतील.

आता जेवणाचं नीट सांगतो. आधी थाळा येतो, त्यात कच्च्या मटणाचे पातळ काप फुलासारखे गोल लावलेले, मध्ये गडद लाल आणि कडेला पांढरीशुभ्र चरबी. बोटान म्हणजे पिओनीचं फूल, म्हणून बोटान नाबे. नाबे म्हणजे पातेलं. पातेल्यात मिसोचा रस्सा, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, त्यात चायनीज कोबी, टोफू, अळंबी, पातीचा कांदा, गोबो नावाचं लांबडं मूळ, आणि तांबाचा कोनफळासारखा कंद. मी काप टाकला आणि लगेच चॉपस्टिकने काढायला गेलो तर आजींनी हात करून थांबवलं, मित्राने भाषांतर केलं, "याला घाई करायची नाही, गायीचं मटण उकळून चिवट होतं, हे उकळत ठेवलं की मऊ होतं." आणि खरंच, दहा मिनिटांनी काढलेला तुकडा आणि अर्ध्या तासाने काढलेला तुकडा यात फरक होता. चरबी तेलकट लागत नाही, गोडसर लागते, दाताखाली थोडी करकरते. वास येईल अशी भीती होती, तसं काहीच नाही. शिवाय रानातलं मटण कच्चं-पक्कं खायचंच नसतं, त्यात जंत असू शकतात, हिपॅटायटिस ई होऊ शकतो.

मग आजींनी वरून एक हिरवट पूड टाकली, सान्शो. पहिल्याच घासाला जीभ झिणझिणली आणि मी मित्राकडे बघितलं, तो पण माझ्याकडे बघत होता, दोघं एकदम म्हणालो, "तिरफळ!" सान्शो आणि आपलं तिरफळ एकाच कुळातलं आहे. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ, तांबाच्या डोंगरात, डुकराच्या रश्शात. मला आईची फार आठवण आली.

दुसऱ्या ताटलीत हरणाचं भाजलेलं मटण होतं, अजिबात चरबी नाही, लिव्हरकडे झुकणारी चव, मला डुक्करच जास्त आवडलं. पण हरणाच्या मटणाला इकडे मोमिजी म्हणतात, म्हणजे मेपल. का? तर हानाफुदाच्या ऑक्टोबरच्या पत्त्यावर मेपलखाली हरीण उभं असतं म्हणून, असं मानतात. आणि आजींनी उठून कपाटातून पत्त्यांचा डबा आणला. निन्तेंदोचा! तीन पत्ते समोर मांडले, डुक्कर, हरीण, फुलपाखरू. इनो-शिका-चो, हे तीन जमले की खेळात डाव होतो. फुलपाखराच्या पत्त्यावरचं फूल बोटान. ताटात जे होतं ते पत्त्यावर होतं, आणि ज्या कंपनीने पत्ते छापले तिनेच पुढे मारियो केला. मी तो पत्ता हातात धरून बसलो.

रात्री गादीवर पडून स्विचवर, म्हणजे निन्तेंदोच्या हातात धरायच्या गेमवर, एक जुना गेम काढला, 1986 चा जपानी सुपर मारियो ब्रदर्स 2. हा तेव्हा अमेरिकेत पाठवला नव्हता, फार अवघड म्हणून, 1993 मध्ये लॉस्ट लेव्हल्स या नावाने तिकडे गेला. सुरुवातीलाच विषारी मशरूम येतं, मारियो लहान असताना खाल्लं की मरण. 3-1 मध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलमध्ये, मेहनतीने शोधलेला शॉर्टकट पाइप तुम्हाला परत पहिल्या वर्ल्डमध्ये टाकतो. काही खड्डे नुसत्या उडीने पार होतच नाहीत, उडणाऱ्या कासवाच्या डोक्यावर पाय देऊन पुढे जायचं. आणि 5-1 पासून वारा सुटतो, तो मारियोला हवेत पुढे ढकलतो, म्हणजे आतापर्यंत हाताला बसलेली सगळी उडी परत शिकायची.

चूक झाली की खेळ मागे न्यायची सोय आहे स्विचवर, मी ते वापरत नाही. मला हा गेम त्याच्या अटीवर खेळायचाय. कितीतरी वेळा मेलो, मित्र घोरत होता, बाहेर बर्फ भुरभुरत होता. मग आजींचं उकळत ठेवायचं वाक्य आठवलं आणि एक गोष्ट बदलली, वाऱ्याशी भांडायचं सोडलं, कड्यावर थांबायचं, झुळूक येऊ द्यायची आणि मग सुटायचं. दीडच्या सुमाराला 5-1 पार झाली. आवाज बंद होता तरी लेव्हल संपतानाचं झेंड्याचं संगीत मला ऐकू आलं.

डुकराबद्दल अजून एक सांगायचंय. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकारीचं मटण खाणं, विकणं गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून गावी कोणाला विचारत फिरू नका. जपानात लायसन्स लागतं, बहुतेक भागात हंगाम 15 नोव्हेंबरला उघडतो. पण शेतकऱ्याचं दुखणं दोन्हीकडे तेच. माझे आजोबा भात पिकलं की रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवायचे, आणि एवढं करूनही सकाळी अर्धं खाचर लोळवलेलं असायचं. काकांनी शेवटी डोंगराकडचं शेत करायचंच सोडलं, नाचणी गेली, रताळी गेली. आजोबा त्या शेताकडे बघायचे ते मला अजून दिसतं.

सकाळी निघायच्या आधी मी एकटाच मागच्या शेतांकडे गेलो. सासायामाचं काळं सोयाबीन प्रसिद्ध आहे, त्याचे रिकामे वाफे होते, आणि डोंगराच्या पायथ्याने लांबपर्यंत लोखंडी जाळी गेलेली, खालची कड जमिनीत नीट दाबलेली, जाळीच्या बाहेर ताज्या बर्फात दोन-दोन खुरांचे ठसे. ठसे जाळीपर्यंत आलेले आणि मग जाळीच्या कडेकडेने गेलेले. फोटो काढून काकांना पाठवला. भारतात पहाटेचे साडेचार असतील, पण काका त्या वेळेला उठलेले असतात. लगेच मेसेज आला, "खाली किती पुरलीय बघ. आणि एका मीटरला काय पडते विचार त्यांना."

मी परत जाऊन आजींना विचारलं.