ओठांचा तिढा सुटला एकदाचा!

मागच्या अपडेटमध्ये रडगाणं गायलं होतं ना की फोटोवरून करतोय त्या पोर्ट्रेटमधल्या बाईंचा चेहरा जमलाय पण भाव कुचकट येतोय, तर तो कुचकटपणा गेला! मला हवी होती विचारात हरवलेली बाई आणि कॅनव्हासवर बसलेली ती कुणाची तरी फजिती बघून गालातल्या गालात हसणारी. ओठ खरवडून पुन्हा रंगवले, कोपरा खाली घेतला की रडकी दिसायची, जरा वर नेला की परत तेच छद्मी हसू. वैताग नुसता.

शेवटी आरशात उलटं चित्र धरून डोळे किलकिले करून बघितलं तेव्हा लक्षात आलं की आकार बरोबर आहे, घोळ आहे डाव्या कोपऱ्यातल्या गडद ठिपक्याचा. अलिझरिन (गडद लाल) अधिक अल्ट्रामरीन (गडद निळा), आणि कड इतकी कडक की नजर जाऊन तिथेच अडकायची. मग चिंधीने कोपरा पुसला, गालाच्या सावलीतला हिरवट करडा ओला होता तोच आडवा ओढला, दोन फटके, बास, कड हरवली. आता ती हसतेय की नाही सांगता येत नाही आणि तेच तर हवं होतं!! खालच्या ओठाखालची सावली पण एक टोन उजळ केली, जबडा लगेच सैल पडला.

हे सगळं ६ नंबरच्या हॉग फिल्बर्टने, म्हणजे राठ केसांच्या, गोलसर टोकाच्या चपट्या ब्रशने. मऊ केसांचा बारका सेबल ब्रश हातात घेतला की आपण ओठांच्या चिरा मोजत बसतो. फॅन (पंख्याच्या आकाराच्या) ब्रशवाल्यांनी राग मानू नका, पण त्याने चेहरा मेणाचा होतो. आणि टायटॅनियम व्हाइटने त्वचा पांढुरकी, थंड पडते, म्हणून उजेडाच्या बाजूला नेपल्स यलो (फिकट, उबदार पिवळा) घातला. झिंक व्हाइट नको, त्याचा थर पुढे ठिसूळ होऊन तडकतो.

आता डोळे. फोटोत फिकट तपकिरी आहेत, तसेच ठेवणार होतो. पण फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने १८७२ मध्ये चित्रकर्ती बर्त मोरिझोचं व्हायलेटच्या गुच्छावालं पोर्ट्रेट केलं त्यात तिचे हिरवे डोळे चक्क काळे केलेत, आणि अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. ते बघून माझेही गडदच करतो. मग पार्श्वभूमीला ओकर (मातकट पिवळा) लावायचं ठरलेलं ते पण कॅन्सल, गडद डोळ्यांना जांभळट करडाच शोभेल, गालातला पिवळाही उठेल. सावलीतल्या डोळ्यात हायलाइट (चमकेचा ठिपका) द्यायचा की नाही एवढं अडलंय, कुणी न देता करून बघितलंय का?