बदली तासांची वही

अनुदानित माध्यमिक शाळेत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना ही वही चांगली ठाऊक असते. प्रार्थना संपून पहिला तास सुरू होतो न होतो, तोच शिपाई ती घेऊन शिक्षकखोलीत येतो. आज कोण रजेवर आहे आणि त्याचे तास कोणाकोणाच्या वाट्याला आले आहेत, हे तीत लिहिलेले असते. ज्याचा दिवसातला एकुलता एक मोकळा तास गेला, तो सही करताना काहीतरी पुटपुटतो. एकोणतीस वर्षे मी त्या वहीत सह्या केल्या आणि शेवटची चार वर्षे मुख्याध्यापक म्हणून ती वही भरली. मुख्याध्यापक आपल्या शिक्षकांना कसा सांभाळतो, हे मला जाणून घ्यायचे असेल, तर मी आधी ही वही मागेन. एका मुख्याध्यापकांच्या काळात ठरावीक तीन नावे तीत जवळपास दिसतच नसत, आणि ती तीन का, हे शिपायालाही माहीत होते. त्यांच्यानंतर आलेल्या सरांनी दर दिवशी पहिला बदली तास स्वतःच्या नावावर लिहायला सुरुवात केली. त्यावर त्यांनी कधी भाषण केले नाही, पण महिन्याभरात शिक्षकखोलीतले पुटपुटणे थांबले.

आपल्याकडे खासगी शाळेत मुख्याध्यापक होण्याची वाट सरळ आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीचा 1977 चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली यांनुसार आवश्यक अर्हता व अनुभव असलेल्या आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाची त्या पदावर नेमणूक होते. ज्येष्ठतेमुळे वशिलेबाजीला आळा बसतो, म्हणून मी या नियमाच्या बाजूचाच आहे. मात्र त्यामुळे काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्याच रजेच्या अर्जावर आज सही करावी लागते. वेतन देयके, संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदे, याची मंजुरी), बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) हे सारे जुना लिपिक आठवड्याभरात समजावून देतो. पण पंचवीस वर्षे सोबत काम केलेल्या सहकाऱ्याला तुमचे शिकवणे अलीकडे सैल झाले आहे हे कोणत्या शब्दांत सांगायचे, हे कोणीच शिकवत नाही.

त्यासाठी खरे तर लॉगबुक असते, म्हणजे शिक्षकाचा पाठ पाहून मुख्याध्यापकाने शेरा लिहायची वही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आठवीच्या वर्गावर बीजगणित शिकवत असताना आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक न सांगता आले आणि शेवटच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये बसले. पाठ संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी लॉगबुक सहीसाठी आले, तेव्हा त्यात दोनच वाक्ये होती: फळ्यावरील लेखन नीटनेटके आहे, उत्तरे मात्र तेच चार विद्यार्थी देतात. मला ते झोंबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून, तुमचा तिसरा तास मोकळा आहे, माझ्या नववीच्या वर्गात येऊन बसा आणि माझे काय चुकते ते मला सांगा, असे म्हटले. मी गेलो. त्यांचेही पाचसहा विद्यार्थीच बोलत होते, फक्त ते दर पाच मिनिटांनी मागच्या बाकांकडे चालत जात आणि तिथल्या एखाद्याला नावाने हाक मारत. ती सवय मी उचलली आणि निवृत्तीपर्यंत सोडली नाही.

याच्या उलट प्रकारही मी पाहिला आहे. वार्षिक तपासणीची तारीख कळली, की एका दुपारी सगळ्या शिक्षकांची लॉगबुके टेबलावर येत आणि ज्या पाठांना कोणी बसलेच नव्हते, त्यांच्यासमोर ‘पाठ समाधानकारक’ असा शेरा पडत असे. तपासणी पार पडे. पण आपला पाठ कोणीतरी ऐकावा ही शिक्षकाची गरज असते, ती तशीच राहून जाई. वर्गाचे दार लावून घेतल्यावर शिक्षक फार एकटा असतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही.

मी स्वतः या बाबतीत चुकलो. पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ मित्राचा पाठ पाहून मी खरा, पण कोरडा शेरा थेट लॉगबुकात लिहिला. आधी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी मुकाट्याने सही केली आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतेच बोलले. त्यानंतर मी क्रम बदलला: पाठ झाल्यावर चहा, चहावर बोलणे आणि लेखी शेरा शेवटी, तोही त्यांना माहीत असलेल्याच गोष्टीचा. शिक्षकाच्या कामाविषयी मुख्याध्यापक दरवर्षी लिहितो त्या गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा संबंधिताला लेखी कळवावा लागतो. ती कटकट नको म्हणून अनेक मुख्याध्यापक सगळ्यांनाच ‘चांगले’ लिहून मोकळे होतात. मग जो खरोखर मन लावून शिकवतो, त्याला त्या ‘चांगले’चा काय आनंद व्हावा?

पालक तक्रार घेऊन येतात, तेव्हा मुख्याध्यापकाची खरी परीक्षा असते. एकदा एक वडील मुलाच्या गालावरचा वळ दाखवत कार्यालयात शिरले आणि त्या शिक्षकांना आत्ताच्या आत्ता समोर बोलवा म्हणू लागले. मी बोलावले नाही. त्यांचे सगळे ऐकून घेतले, लिहून घेतले आणि उद्या अकराला या असे सांगितले. शिक्षकांना तास संपल्यावर दार लावून विचारले, तर त्यांनी मारल्याचे कबूल केले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि तिथे मैत्री उपयोगाची नाही, हे मी त्यांना कडक शब्दांत सांगितले व लेखी खुलासा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांची आणि मुलाचीही माफी मागितली, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पाठीशी उभे राहणे म्हणजे पाठीशी घालणे नव्हे, हा फरक त्या दिवशी मला नीट उमगला.

नव्या शिक्षणसेवकांबद्दल, म्हणजे सुरुवातीची तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकांबद्दल, थोडेच सांगतो. माध्यमिकचे मानधन 2023 पर्यंत महिना 8000 रुपये होते, ते नंतर 18000 झाले. पण नव्या माणसाला सर्वांत अवघड तुकडी देण्याची रीत काही बदलली नाही. मी ‘ड’ तुकडीचे गणित अनुभवी शिक्षकाकडे दिले, तर प्रकरण संस्थाचालकांपर्यंत गेले. निर्णय टिकला, गोडवा टिकला नाही.

राहता राहिला कागद. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये असे सांगते. निवडणुकीचा आदेश आला, तर मुख्याध्यापकाच्या हातात काही नसते. पण यू-डायसची (शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीची) माहिती, आधार पडताळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे ‘तात्काळ सादर करावे’ हे सारे जसेच्या तसे शिक्षकांकडे ढकलायचे, की आधी स्वतः चाळायचे, हे त्याच्या हातात असते. निम्मी माहिती कार्यालयात आधीच असते. मी लिपिकासोबत ती आधी भरत असे, उरलेलीच वर्गशिक्षकांकडे पाठवत असे, आणि मधल्या सुट्टीपर्यंत कोणत्याही वर्गात सूचनावही न्यायची नाही असे शिपायाला बजावून ठेवले होते. माझ्यानंतरच्या मुख्याध्यापिकाबाईंना हे जमत नाही. लिपिक निवृत्त झाल्यापासून ते पद रिकामे आहे, आणि संध्याकाळी सातला फोन केला, तरी त्या कार्यालयातच असतात. मी कधी जातो, दोन तक्ते भरून देतो.