पिवळी नळी कुठं गेली?

"ताई, तुमचो ऑक्टोपस खंय रवलो?"

मालवणच्या होडीवर स्कूबा डायव्हिंगचं किट जुळवताना दर हंगामात कुणीतरी मला हे विचारतंच. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर हाच प्रश्न हिंदी-कानडीच्या मिसळीत येतो. पुण्यात फोटो बघणाऱ्या मैत्रिणीही विचारतात, "सगळ्यांच्या अंगावर ती पिवळी नळी आहे, तुझ्याच नाही. पैसे वाचवलेस का?" आणि हल्ली स्वतःचं किट घ्यायला निघालेले लोक फोन करतात: "तुमच्यासारखं इन्फ्लेटरमध्येच बसवलेलं घेऊ का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी ज्यांनी डायव्हिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. पाठीवरच्या सिलिंडरला लोक ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. त्यात साधी हवा असते, आपण आत्ता घेतोय तीच, फक्त २०० बारपर्यंत दाबून भरलेली. सिलिंडरच्या तोंडावर बसवलेला फर्स्ट स्टेज तो दाब नऊ-दहा बारवर आणतो आणि तिथून नळ्या फुटतात. एक नळी तोंडातल्या रेग्युलेटरला जाते. दुसरी जाते पिवळ्या रंगाच्या जादा रेग्युलेटरला. सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायचा तो हा, म्हणजेच ऑक्टोपस. तिसरी नळी बीसीडीला, म्हणजे अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटला. डाव्या खांद्यावरून एक घड्याघड्यांची जाड नळी छातीवर लोंबते. तिच्या टोकाला इन्फ्लेटर असतो. त्याचं एक बटण दाबलं की जॅकेटमध्ये हवा भरते, दुसरं दाबलं की बाहेर पडते. चौथी नळी गेजची, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या काट्याची.

आता कुणाच्या तरी डोक्यात आलं की इन्फ्लेटरपर्यंत हवेची नळी आलेलीच आहे, तर तिथंच श्वास घ्यायची सोय का करू नये? एक नळी कमी, एक लोंबकळणारी वस्तू कमी. ही कल्पना नवी नाही. स्कूबाप्रोचं 'एअर टू' ४० हून अधिक वर्षं बाजारात आहे, आणि पुढं ॲटॉमिक, ॲक्वालंग वगैरे कंपन्यांनीही आपापली रूपं काढली. दिसायला जरा जाडजूड इन्फ्लेटर, एवढंच. त्याला तोंडात धरायचा रबरी भाग आणि आत श्वासाबरोबर उघडणारी झडप असते. माझा ऑक्टोपस तिथं आहे. हरवलेला नाही.

पण तुमचा खरा प्रश्न 'घेऊ का' हा आहे. त्याचं उत्तर मी एका डायव्हच्या गोष्टीतून देते, कारण मलाही ते तिथंच कळलं.

नेत्राणी. मुरुडेश्वरहून होडीनं जायचं, पाणी बरं असलं तर तळाचे खडक वरून दिसतात. माझ्याबरोबर भाचा होता, नुकताच कोर्स झालेला, किट भाड्याचं. मी किनाऱ्यावर त्याला सांगितलं होतं की डायव्हच्या शेवटी हवा संपल्याचा सराव करू. तू खूण कर, मी माझ्या तोंडातला रेग्युलेटर काढून तुला देईन आणि स्वतः इन्फ्लेटरमधून श्वास घेईन. त्यानं मान डोलावली. मान डोलावणं आणि समजणं यात किती अंतर असतं ते शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे.

१४ मीटरवर त्यानं गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण केली आणि त्याचा हात सरळ माझ्या उजव्या काखेखाली गेला. तिथं पिवळं काही नव्हतं. त्याला कोर्समध्ये तेच शिकवलं होतं, त्यात त्याची चूक नाही. मी तोंडातला काढून दिला. तोंडातला घास काढून द्यावा तसा तोंडातला श्वास. इथपर्यंत ठीक. पण माझी नळी साधी, ७५ सेंटीमीटरच्या आसपासची. ऑक्टोपसची नळी मीटरभर ठेवतात, त्याला कारण आहे, हे मला त्याच्या मास्कवर माझा मास्क आपटल्यावर आठवलं. आमच्या चेहऱ्यांमध्ये वीतभरही जागा नव्हती.

मग वर निघालो, आणि खरी गंमत तिथं झाली. वर येताना जॅकेटमधली हवा प्रसरण पावते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत तिचं आकारमान दुप्पट होतं, म्हणून शेवटच्या टप्प्यात ती सतत थोडी थोडी सोडावी लागते. ती सोडायची पद्धत हाताला इतकी सवयीची असते की विचारही करावा लागत नाही: डावा हात वर, इन्फ्लेटर डोक्यापेक्षा उंच, बटण. माझा डावा हात वर जायला निघाला आणि थांबला. इन्फ्लेटर माझ्या तोंडात होता! वर न्यायचा तर श्वास सोडून द्यायचा. नाही न्यायचा तर जॅकेट फुगणार.

खोली आणि वर येण्याचा वेग मोजणारा डायव्ह कॉम्प्युटर किंचाळू लागला. भाचा माझ्याकडे मोठे डोळे करून बघत होता. मी एक बटण दाबलं, आणि ते चुकीचं निघालं, जॅकेट आणखी फुगलं. जॅकेटच्या उजव्या खांद्याला हवा सोडायची एक दोरी असते हे मला माहीत होतं, पण ती मी त्याआधी कधी ओढलेली नव्हती. हात तिच्यापर्यंत पोचला तेव्हा आम्ही वर आलोच होतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, ते राहूनच गेलं. डायव्ह उथळ आणि छोटी होती म्हणून निभावलं. होडीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "मावशी, आपण लिफ्टनं आलो का गं?"

तर, हे यंत्र वाईट आहे का? नाही. ऑक्टोपस काढून इन्फ्लेटर बदलला की काम झालं असं मी समजत होते. प्रत्यक्षात बदलायला हवी होती हातांची सवय, नळीची लांबी आणि सोबत्याशी होणारं बोलणं, म्हणजे जवळजवळ सगळंच. त्यानंतर मी मुख्य रेग्युलेटरला मीटरभर लांबीची नळी घेतली, टोकाला फिरणारा सांधा बसवला, आणि खांद्याची ती दोरी आता प्रत्येक डायव्हला मुद्दाम वापरते, गरज असो वा नसो. इन्फ्लेटर तोंडात घेऊन पूर्ण वर येण्याचा सराव हंगामाच्या पहिल्या दिवशी करते. जॅकेटची जाड नळी आखूड असेल तर मान उजवीकडे वळत नाही, हेही तेव्हाच कळतं. खरेदी करताना दुकानात तोंडात घेऊन मान वळवून बघा. लोक हसतील, हसू द्या.

दुसरी एक अडचण कमी बोलली जाते. मालवणला एकदा वाळू जाऊन माझं हवा भरायचं बटण अडकलं. जॅकेट आपोआप फुगायला लागलं. यावर उपाय सगळ्यांना शिकवलेला असतो: इन्फ्लेटरची नळी ओढून सोडवायची. सोडवली. जॅकेट थांबलं. आणि मग लक्षात आलं की आपला जादा रेग्युलेटरही त्याच नळीवर होता. एक बिघाड, आणि दोन गोष्टी गेल्या. वेगळा ऑक्टोपस असता तर फक्त जॅकेटचं बटण गेलं असतं. डायव्ह तिथंच संपवून वर आलो, जे करायला हवं तेच.

शिवाय श्वासाला जॅकेटपेक्षा कितीतरी जास्त हवा वाहावी लागते. २० मीटरवर तर प्रत्येक श्वासाला वरच्या तिप्पट हवा लागते. म्हणून या इन्फ्लेटरची नळी आणि तिची जोडणी बहुधा मोठ्या मापाची असते. भाड्याच्या किटची नळी त्याला बसत नाही. स्वतःची नळी घरी विसरलात तर जादा रेग्युलेटर नाही आणि जॅकेटही बटणानं फुगणार नाही, तोंडानं फुंकत बसा. आणि साधा इन्फ्लेटर लोक वर्षानुवर्षं उघडत नाहीत. हा मात्र रेग्युलेटर आहे, त्याची सर्व्हिसिंग रेग्युलेटरसारखीच वेळेवर करायला हवी. डायव्हनंतर जॅकेटमध्ये शिरलेलं खारं पाणी याच वाटेनं निथळतं, ते धुतलं नाही तर पुढच्या वेळी तोंडात काय चव येते ते मी लिहीत नाही.

मग मी अजून का वापरते? एक म्हणजे तो कुठं आहे हे मला न बघता माहीत असतं. डायव्हमध्ये माझा डावा हात कितीतरी वेळा तिथं जातो. पिवळे ऑक्टोपस मी क्लिपमधून निसटून मागं वाळूत फरफटताना पाहिलेत, प्रवाळावर आपटतानाही. ज्याला ते सापडायला हवेत त्याला त्या क्षणी ते सापडत नाहीत.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. हवा संपलेला माणूस शिकवलेलं विसरतो. समोर जो रेग्युलेटर चालू दिसतोय, म्हणजे तुमच्या तोंडातला, तोच तो ओढू शकतो. माझ्याकडे तोच द्यायचा असतो, त्यामुळं ओढला तरी माझा बेत मोडत नाही. अर्थात हे फक्त या इन्फ्लेटरचं वैशिष्ट्य नाही. गुहांमध्ये डायव्ह करणारे लोक दोन मीटरची लांब नळी तोंडातल्या रेग्युलेटरला लावतात आणि जादा रेग्युलेटर रबराच्या दोरीनं गळ्यात अडकवतात. अरुंद वाटेत एकामागून एक जाताना ती लांबी कामाला येते. तिथंही द्यायचा तो तोंडातलाच. आज नव्यानं सुरुवात करत असते तर मी कदाचित तेच केलं असतं, आणि जॅकेट फुगवायचं काम आणि श्वास घ्यायचं काम वेगळं ठेवलं असतं.

वजनाबद्दल विचारणाऱ्यांना मी थोडी टर उडवून उत्तर देते. विमानात १५ किलोची मर्यादा असते, एक नळी आणि एक रेग्युलेटर कमी झाला तर अर्धा किलो सुटेल, कबूल. पण तोच माणूस कॅमेऱ्याचं दोन किलोंचं खोकं आणि आईनं दिलेल्या चकल्या घेऊन निघालेला असतो.

तेव्हा तुमचं उत्तर. वर्षातून चार दिवस भाड्याच्या किटवर डायव्ह करत असाल, दर वेळी अनोळखी सोबती मिळत असेल, तर घेऊ नका. त्या माणसाचा हात तुमच्या काखेखाली पिवळं काहीतरी शोधणार आहे, त्याला ते मिळू द्या. सगळं किट स्वतःचं असेल, सोबती ठरलेला असेल आणि वर्षातून एकदा तरी दोघं मिळून सराव करणार असाल, तर घ्या. लांब नळीसकट घ्या. सराव पुढच्या वर्षी करू म्हणत असाल तर पुन्हा पहिलं उत्तर वाचा.

भाच्यानं यंदा स्वतःचं किट घेतलं. ऑक्टोपस पिवळाच घेतला, मला विचारलंही नाही. मालवणला होडीत बसल्यावर त्यानं माझा इन्फ्लेटर उचलला, तोंडात धरला आणि माझ्या गेजवर नजर ठेवून तीन-चार श्वास घेतले. सिलिंडरची झडप अर्धवट उघडी असली तर श्वासाबरोबर काटा खाली-वर नाचतो. काटा जागचा हलला नाही. मग त्यानं माझ्या उजव्या खांद्यावरची दोरी एकदा ओढून बघितली आणि गप्पपणे स्वतःच्या फिन्स चढवायला लागला.