वॅक्सचे किती हात? काळ्या बोनेटवर घेतलेला पडताळा

काळ्या गाडीला वॅक्सचे जितके हात द्याल तितकी ती जास्त चमकते, असं मला गाडी घेतल्यापासून सगळे सांगत आलेत. कुणी तीन हात सांगतं, कुणी पाच. माझी गाडी काळीभोर, आणि काळा रंग काहीच लपवत नाही, त्यामुळे हे स्वतः करून बघायला यापेक्षा चांगली गाडी मिळाली नसती. पावसाळा सरत आला तसं मी काम हातात घेतलं.

वॅक्सचा डबा उघडायच्या आधी पार्किंगमध्ये रात्री बोनेटवर टॉर्च मारला. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले. दिवसा लांबून हे ओरखडे दिसत नाहीत, नुसता रंग मातकट वाटतो. हे होतं कशामुळे, तर आपल्याकडे सकाळी गाडी पुसायची जी पद्धत आहे तिच्यामुळे. पुण्यात सगळीकडे बांधकामं चालू, गाडीवर रोज वाळू-सिमेंटची धूळ. एक बादली, एक फडकं आणि त्यात दहा-बारा गाड्या. फडक्यात अडकलेला प्रत्येक कण रंगावरून फिरतो.

रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, तो कंपनीतून येतो तेव्हा साधारण 40 मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग. चमक असते ती या थराची. तो सपाट असेल तर उजेड सरळ परततो आणि बोनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येतात. ओरखडे असतील तर उजेड इकडेतिकडे पांगतो. वॅक्सचा थर मायक्रॉनच्याही आतला. तो अगदी बारीक ओरखडे थोडेफार भरतो आणि रंग गडद दाखवतो, पण खडबडीत पृष्ठभाग सपाट करणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून आधी धुणं. दोन बादल्या घेतल्या, एकीत शाम्पू, दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) साफ करायला नुसतं पाणी. वरून खाली धुवत आलो, सगळ्यात शेवटी खालचे पत्रे, कारण चिखल तिथेच असतो. शेवटचं पाणी बोअरचं घेतलं नाही. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात इतके क्षार आहेत की थेंब वाळला की पांढरा गोल डाग उरतो, आणि काळ्या रंगावर तो उन्हात भाजला तर नंतर शाम्पूने निघत नाही.

धुतल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवली. ही युक्ती प्रत्येकाने एकदा करून बघावी. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो. डांबराचे शिंतोडे, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी, सिमेंट, सगळं तिथे चिकटून बसलेलं असतं. शाम्पूचं पाणी मारत क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, फिरवला. सुरुवातीला तो खरखर आवाज करत अडखळतो, मग हळूहळू आवाज थांबतो आणि सरकायला लागतो. क्ले उलटून बघितला तर पिवळसर-तपकिरी झालेला. तो घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. खाली पडला तर मात्र सरळ फेकून द्यायचा.

ओरखडे घासून सपाट करणाऱ्या पॉलिशसाठी ओळखीच्या पेंटरमामांकडे गेलो. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलंय. तीन हातांचा विषय काढला तर म्हणाले, "वॅक्स पाच वेळा लावा, नाही कोण म्हणतंय? पण खालचा रंग साफ नसेल तर तुम्ही घाणीवर काच बसवताय." मशीनला मऊ फोम पॅड लावून त्यांनी हलकं पॉलिश मारलं. कडांना आणि पत्र्याच्या घडीवर आधी टेप लावली, कारण तिथे क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो आणि मशीन चटकन रंग खाते. जाळं जवळजवळ गेलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने बोनेट पुसलं, कारण पॉलिशमधलं तेलही ओरखडे तात्पुरते झाकतं आणि आपली फसगत होते. तेल पुसल्यावरही चमक टिकली. एकंदर बदलातला मोठा वाटा इथेच झाला होता, वॅक्सचा डबा अजून बंद होता.

आता पडताळा. मास्किंग टेपने बोनेटचे चार उभे पट्टे केले. पहिला कोरा, दुसऱ्याला एक हात, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन. वॅक्स कार्नौबाचं घेतलं. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात सिआरा, पियाउई या राज्यांत उगवणारं ताडाच्या जातीचं झाड. कोरड्या उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून ते पानांवर मेण साठवतं. पानं तोडून वाळवली की ते भुकटी होऊन झडतं. 80 अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय ते वितळत नाही. आपल्या उन्हात तापलेल्या पत्र्यासाठी मला हा गुण महत्त्वाचा वाटतो.

सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना, फोमच्या गोल पॅडने इतकं पातळ लावलं की जेमतेम धुरकट दिसावं. जाड थर लावला म्हणजे जास्त वॅक्स बसतं, असं होत नाही. जास्तीचं फडक्यात निघून येतं, आणि न निघालेलं राखाडी दिसत राहतं. बोट ओढून बघायचं. बोटाची रेघ स्वच्छ उमटली तर पुसायची वेळ झाली, फासल्यासारखी झाली तर थांबायचं. पुसायला मायक्रोफायबर, चार घड्या घालून, दर थोड्या वेळाने बाजू बदलत. प्रत्येक दोन हातांच्या मध्ये रात्र जाऊ दिली.

कोरा पट्टा आणि एक हाताचा पट्टा यांतला फरक शेंडेफळालाही कळेल इतका होता. काळा जास्त खोल, ओला वाटत होता. एक आणि दोन हातांतला फरक मला टॉर्च तिरपा धरल्यावर दिसला. एक हाताच्या पट्ट्यात कडेला आणि मधल्या घडीजवळ काही ठिकाणं निस्तेज होती, म्हणजे तिथे वॅक्स नीट पोचलंच नव्हतं. दुसऱ्या हाताने त्या जागा भरून निघाल्या. दोन आणि तीन हातांत मला काहीच वेगळं दिसेना. माझ्या डोळ्यांवर विसंबायला नको म्हणून टेप काढून आईला आणि शेजारच्या काकांना बोलावलं, कुठे किती हात ते सांगितलं नाही. कोरा पट्टा दोघांनी लगेच ओळखला. बाकीच्यांबद्दल काका बराच वेळ वाकून बघत म्हणाले, "हे शेवटचे दोन सारखेच आहेत रे, उगाच काय विचारतोस?"

याचं कारण वॅक्सच्या घडणीत आहे. त्यात मेण पसरता यावं म्हणून सॉल्व्हंट असतं. नवा हात देताना तेच सॉल्व्हंट खालचा हात थोडा विरघळवतं, आणि पुसताना जुनं-नवं मिळून जास्तीचं निघून जातं. भिंतीला रंगाचे थर चढतात तसे इथे चढत नाहीत. एकसारखा थर बसला की पुढचा हात बहुतेक फडक्यातच जातो.

आठवड्याभरात परतीचा पाऊस आला आणि त्याने उरलेलं सांगितलं. कोऱ्या पट्ट्यावर पाणी पसरून बसलं. दोन आणि तीन हातांच्या पट्ट्यांवर टपोरे थेंब, दोन्हीकडे सारखेच. एक हाताच्या पट्ट्यात मध्ये मध्ये पाणी सपाट पसरलेलं, नेमकं त्याच निस्तेज जागांवर. दसऱ्याला आईने बोनेटवर हळद-कुंकवाची बोटं ओढली, तीही वॅक्स असलेल्या भागावरून ओल्या मायक्रोफायबरने एका पुसण्यात निघाली. कोऱ्या पट्ट्यावरची हळद चोळून काढावी लागली.

त्यामुळे आता बोनेट, टप आणि डिकी यांना दोन हात देतो, कारण ऊन आणि पक्ष्यांची शिट या सपाट पत्र्यांवरच पडते. दरवाजांना एक हात पुरतो. तिसऱ्या हाताचा वेळ मी धुण्याला आणि क्लेला देतो. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवाल्यांनी डोळे दिपतील अशी अपेक्षा ठेवू नये, त्या रंगांत वॅक्सचा फरक कमी दिसतो, पण संरक्षण तितकंच मिळतं. सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी कृत्रिम रसायनांचा संरक्षक थर) वापरत असाल तर तो आधी, स्वच्छ रंगावर लावा आणि कार्नौबा त्याच्यावर. उलट केलं तर सीलंटला धरायला रंगच मिळत नाही. आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आधी टेप लावा, तिथे वाळलेलं वॅक्स पांढरं होऊन बसलं की काढताना नाकी नऊ येतात.

गाडी पुसणाऱ्या दादांशीही बोललो. "दादा, कोरडी धूळ असताना फडकं लावू नका, त्यापेक्षा पुसू नका त्या दिवशी," म्हटलं. त्यांना बोनेटवरच टॉर्च मारून शेजारच्या गाडीशी फरक दाखवला. आता ते आधी पाणी मारतात, आणि माझ्या गाडीचं फडकं वेगळं ठेवतात.