एकाच वायरवर ऐकणारी एलईडी ड्रायव्हर चिप

तासगावच्या एका मित्राला बेदाणा निवडायच्या टेबलावर लाइट पाहिजे होता, उजेड कमीजास्त होणारा, कारण हिरवा आणि पिवळा माल वेगळा काढताना उजेड नीट नसला की बायकांचे डोळे दुखतात. इथं सांगलीत बसून सर्किट करताना टीआयची (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची) टीपीएस६११६५ ही एलईडीला करंट पुरवणारी ड्रायव्हर चिप घेतली आणि तिच्या सीटीआरएल (कंट्रोल) पिनच्या प्रेमातच पडलो. त्या एका पिनवर चिप चालू बंद होते, तिथंच पीडब्ल्यूएम (भराभर चालू बंद करून उजेड कमीजास्त करायचा सिग्नल) देता येतो, आणि तिथंच ईझीस्केल म्हणून एका वायरचा डिजिटल प्रोटोकॉल, म्हणजे आकडे पाठवायची ठरलेली पद्धत, पण चालतो. बिट कधी वाचायचा याचा ठोका देणारी क्लॉकची वेगळी लाइन नाहीच.

मग क्लॉक नसताना चिपला शून्य आणि एक कळतं कसं? तर प्रत्येक बिटमधे लाइन आधी लो (शून्य व्होल्टकडं) जाते मग हाय, आणि चिप फक्त दोन्हीतलं जास्त वेळ कोण ते बघते. लो हायच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर शून्य, उलटं असेल तर एक. वेग १.७ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) ते १६० केबीपीएस कितीही ठेवा. मला यातली खरी हुशारी इथंच वाटते, कारण सिग्नल पाठवणाऱ्या एटीटायनी८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलरचा वेळ मोजणारा आतला ऑसिलेटर फॅक्टरीतनं १० टक्क्यांपर्यंत इकडं तिकडं असू शकतो, पण तो हलला तर लो आणि हाय दोन्ही सारखेच हलतात, गुणोत्तर तसंच राहतं! अचूक वेळेसाठी बाहेरून क्रिस्टल लावावा लागत नाही, म्हणजे आठ पायांच्या कंट्रोलरच्या दोन पिना पण वाचल्या.

आधी ७२ हेक्स (सोळाच्या पाढ्यातला आकडा) हा चिपचा पत्ता पाठवायचा, मग डेटा बाइट, त्यातल्या पाच बिटात उजेडाच्या ३२ पायऱ्या. सुरुवातीला मात्र चिपला सांगावं लागतं की आता पीडब्ल्यूएम नाही, डिजिटल येणारे. पिन हाय केली की १०० मायक्रोसेकंद थांबायचं, मग २६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त लो ठेवायची, आणि हे सगळं १ मिलिसेकंदाच्या आत. या वेळी कंट्रोलरचे इंटरप्ट (मधेच दुसरं काम करायला लावणारे सिग्नल) बंदच ठेवा, मधेच टायमर घुसला तर चिप पीडब्ल्यूएम समजून बसते. आणि लाइन २.५ मिलिसेकंदापेक्षा जास्त लो राहिली तर चिप झोपते, मग हे सगळं परत.

डेटा मिळाल्याची पोच पण मिळते बरं का, त्याच वायरवर चिप लाइन खाली ओढते. पण त्यासाठी तुमची पिन ओपन ड्रेन (फक्त खाली ओढणारी) आणि लाइन वर ओढणारा पुलअप रेझिस्टर पाहिजे, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडत बसणार.

पीडब्ल्यूएम सतत देत बसावा लागतो, ईझीस्केलमधे एकदा सांगितलं की पिन हाय ठेवून कंट्रोलर खुशाल स्लीपमधे जातो. बॅटरीवरच्या लाइटला मी तरी आता हेच वापरणार.