एकाच फाइलीत अख्खी नववी

मालवणजवळच्या एका गावात मी नववीला मराठी शिकवते. गटप्रकल्प म्हटला की सुंदर अक्षराची एक मुलगी लिहिणार आणि बाकीचे मुखपृष्ठावर नावं घालणार, ही आमची जुनी रीत. ती मोडावी म्हणून गेल्या वर्षी रापणीवरचा (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवरचा) प्रकल्प गूगल डॉक्सच्या, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येणाऱ्या, एकाच फाइलीत करून घेतला.

पहिली कटकट खात्यांची. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचं खातं उघडता येतं, त्यामुळे नववीला वयाची अडचण नव्हती. पण फोन घरचा, त्यावरचं खातं बाबांचं. फाइलीत मुलांऐवजी वडीलमंडळी लिहिताना दिसू लागली! ज्याच्याकडे लिंक आहे त्याला फाइल खुली ठेवली, तर लॉगिन न करता आलेला माणूस खऱ्या नावाऐवजी कुठल्यातरी 'निनावी' प्राण्याच्या नावाने दिसतो, म्हणजे कोण लिहितंय ते कळतच नाही. शेवटी प्रत्येकाने परिच्छेदाखाली हजेरी क्रमांक टाकायचा, असं ठरलं.

कोरं पान दिलं नाही. कोऱ्या पानावर सगळेजण पहिल्याच ओळीत घुसतात. एक तक्ता केला आणि गटागटाला एकेक रकाना वाटून दिला: जाळं, होडी, दोर ओढणं, मासळीचे वाटे, लिलाव. एवढ्याने निम्मी भांडणं मिटली. उरलेलं भांडण संगणक कक्षात झालं. "बाई, माझा सगळा कोणी पुसल्यान?" असा आरडाओरडा. मी आवृत्तींचा इतिहास उघडला, मोठ्या पडद्यावर दाखवला आणि तासाभरापूर्वीची प्रत परत आणली. कुणाच्या खात्यावरून किती वाजता काय पुसलं गेलं, हे त्यात दिसतं, हे कळल्यावर वर्ग एकदम सरळ झाला. (पुसणाऱ्याचं नाव मी वाचलं नाही. तो स्वतःच लाल झाला होता.)

नेटवर्कचं काय सांगावं! खाडीकाठच्या वाडीत रेंज नसायचीच. त्या मुलांना मोबाइलच्या ॲपमध्ये फाइल ऑफलाइन ठेवायला शिकवलं. घरी लिहायचं, रेंजमध्ये आलं की आपोआप भर पडते. बोलून टाइप करणं मात्र फसलं, मालवणीत बोललं की भलतंच उमटायचं.

खरी मजा आली ती टिप्पण्यांत. एका गटाने लिहिलं: 'पर्ससीनवाल्यांमुळे रापणीला मासळी मिळत नाही.' बाजूला लगेच टिप्पणी, 'हे कुणी सांगितलं?' विचारणाऱ्याचा काका पर्ससीनच्या बोटीवर जातो. उत्तरात पहिल्याने लिहिलं, 'आमचे आजोबा सांगतात.' मग बाकीचे उतरले. कुणी फरक समजावला: रापणीत होडीतून जाळं अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, पर्ससीनचं जाळं खोल पाण्यात मासळीच्या थव्याभोवती फिरवून बटव्यासारखं खालून आवळतात. एकीने १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याचा उल्लेख जोडला, दुसऱ्याने पर्ससीनवर निर्बंध घालणारा फेब्रुवारी २०१६ चा शासन आदेश शोधला. काकावाल्याने विचारलं, 'मग बोटीवरच्या खलाशांनी काय खायचं?' त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं. तो प्रश्न तसाच फाइलीत राहू दिला.

मूळ वाक्य मी स्वतः दुरुस्त केलं नाही. सगळ्यांना 'सुचवणे' या प्रकारात आणलं, म्हणजे बदल थेट न होता रंगीत सूचना म्हणून उमटतो आणि तो मान्य करायचा की नाही, हे नंतर ठरवता येतं. अखेर वाक्य झालं: 'रापणकरांचं म्हणणं आहे की पर्ससीनमुळे किनाऱ्याजवळची मासळी घटली.' 'म्हणणं आहे' हे दोन शब्द घालायला पोरांनी दोन तास घेतले. व्याकरणाच्या तासाला असा वाद मी कधी ऐकला नव्हता.

गुण देताना मात्र किती टाइप केलं ते मोजायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. टाइप करणारा वेगळा आणि बंदरावर जाऊन रापणकरांना विचारून येणारा वेगळा असू शकतो. अशांची नोंद गटप्रमुखाने टिप्पणीत करायची.

यंदाच्या नववीलाही त्याच तक्त्याची प्रत देणार आहे, पण पर्ससीनचा परिच्छेद काढून. भांडण त्यांचं त्यांनी करावं.