उन्हाळ्यात चर्च तळघरात उतरते

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे चर्च शोधत हिंडावे लागत नाही. अठराव्या शतकात या डोंगराळ मुलखात येऊन वसलेल्या स्कॉच-आयरिश लोकांनी आपला पंथही बरोबर आणला, आणि तो इथल्या बोलण्यात इतका मुरला आहे की शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाला लोक सर्रास नुसते ‘प्रेस्बी’ म्हणतात. लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमामुळे अमेरिकेतल्या कित्येक घरांत घरच्यासारखे झालेले फ्रेड रॉजर्स हे १९६३ साली इथल्याच प्रेस्बिटरीने (चर्चांच्या प्रादेशिक सभेने) दीक्षा दिलेले पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. मी मात्र या पंथाचे नाव इथे येण्याआधीपासून ऐकून होते, कारण मी मिरजेची आहे, आणि मिरजेत ‘मिशन हॉस्पिटल’ म्हटले की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले, आणि त्यांना पाठवणारे मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे होते. आमच्या घरातली बाळंतपणे आणि आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन तिथलेच. त्या मिशनचा पैसा ज्या टोकाकडून निघत असे, त्या टोकाला माणसे नेमके काय करतात, हे मला इथे राहायला आल्यावर पाहायला मिळाले; आणि ते उन्हाळ्यात सर्वांत उघडपणे दिसते.

वरवर पाहिले तर उन्हाळा हा चर्चचा मंदीचा काळ असतो. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे झाला की आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या चर्चबाहेरची पाटी बदलते; रविवारच्या दोन उपासनांची एकच होते, तीही सकाळी दहाला, कारण जुन्या दगडी इमारतीच्या मुख्य सभागृहात वातानुकूलन नाही आणि अकरानंतर तिथे बसवत नाही. गायकवृंद सप्टेंबरपर्यंत सुट्टीवर जातो, मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शब्बाथ शाळा बंद होते, आणि पाळकबाई आपली रजा व अभ्यासरजा याच महिन्यांत काढतात, तेव्हा एखादे निवृत्त पाळक येऊन प्रवचन करून जातात. ज्यांची सरोवराकाठी छोटी घरे आहेत ते ईरीला जातात, ज्यांना व्याख्याने आणि संगीत हवे असते ते शटॉक्वाला जातात, आणि राहिलेले लोक हातपंख्याने वारा घेत मागच्या बाकांवर बसतात. दानाची थाळी अर्थातच हलकी होते. जुलैच्या मध्यावर खजिनदारांचे एक अतिशय सभ्य पत्र सर्व सभासदांना जाते, आणि त्याचा मथितार्थ दर वर्षी एकच असतो: आपण सुट्टीवर असलात तरी विजेचे बिल सुट्टीवर नाही. या पंथाची एकंदर परिस्थिती पाहता त्या पत्रातली काळजी खोटी म्हणता येत नाही. १९८३ साली उत्तरेची आणि दक्षिणेची शाखा एकत्र येऊन आजचे प्रेस्बिटेरियन चर्च (यू.एस.ए.) झाले, तेव्हा त्याचे सभासद ३० लाखांहून अधिक होते, २०२३ च्या अखेरीस ते ११ लाखांच्या आसपास उरले होते.

तरीही जून ते ऑगस्ट या काळात त्या इमारतीत जितकी माणसे आत-बाहेर करतात, तितकी नाताळ सोडला तर वर्षात कधीच करत नसावीत. फरक एवढाच की ती मुख्य दाराने येत नाहीत. ती बाजूच्या उताराने तळघरातल्या हॉलमध्ये येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा या मंडळीशी, म्हणजे चर्चच्या सभासदवर्गाशी, कागदोपत्री काहीही संबंध नसतो. माझाही नाही. मी हिंदू आहे, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाच्या ख्रिस्ती विधीला) बसत नाही, आणि मला बसायला कोणी सांगितलेलेही नाही. मी आठवड्यातून काही दिवस मुलांच्या जेवणाच्या टेबलामागे उभी राहते.

या जेवणामागचे कारण साधे आहे. अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांना शाळेत दुपारचे, आणि पुष्कळ ठिकाणी सकाळचेही, जेवण मोफत किंवा सवलतीत मिळते. शाळा जूनमध्ये बंद होते तेव्हा ते जेवणही बंद होते, आणि आईबापांचे उत्पन्न काही उन्हाळ्यात वाढत नाही. हे खिंडार बुजवण्यासाठी केंद्र सरकारच्या शेती खात्याची एक उन्हाळी भोजन योजना १९७५ पासून स्वतंत्रपणे चालते. ज्या वस्तीतली निम्मी किंवा त्याहून अधिक मुले शाळेच्या मोफत अथवा सवलतीच्या जेवणाला पात्र असतात, तिथे खुले केंद्र उघडता येते, आणि अशा केंद्रात अठरा वर्षांपर्यंतच्या कोणत्याही मुलाला नाव, उत्पन्न, नागरिकत्व काहीही न विचारता जेवण द्यायचे असते. सरकारकडे पैसा आहे, पण प्रत्येक वस्तीत स्वयंपाकघर, टेबले, स्वच्छतागृह आणि दुपारी मोकळी असलेली माणसे सरकारकडे नाहीत. चर्चच्या तळघरात ती सारी आयती असतात, म्हणून देशभर अशी पुष्कळ केंद्रे चर्चमध्ये भरतात.

नियम मात्र काटेकोर आहेत, आणि माझ्या मते प्रेस्बिटेरियन लोकांचा स्वभाव त्यांना फार जुळतो. जेवणात दूध, धान्याचा पदार्थ, मांस किंवा त्याऐवजी काही, आणि फळ-भाजीचे दोन भाग असायलाच हवेत. एक घटक राहिला तर त्या ताटाचे पैसे मिळत नाहीत. आमच्याकडे एका तक्त्यावर १ पासून पुढचे आकडे छापलेले असतात आणि मुलाच्या हातात ताट गेले की एक आकडा तिरक्या रेघेने खोडायचा. आधी खोडायचा नाही, नंतर आठवून खोडायचा नाही. ही जबाबदारी एका निवृत्त बँक अधिकारी बाईंकडे आहे, आणि त्या खोडत असताना त्यांच्याशी बोलण्याची कोणाची प्राज्ञा नाही. मुलांनी जेवण तिथेच बसून संपवायचे असते. महासाथीच्या काळात डबे घरी नेण्याची मुभा होती. ती २०२२ च्या उन्हाळ्यानंतर शहरी भागांत संपली आणि पुढच्या वर्षापासून फक्त ठरावीक ग्रामीण भागांसाठी कायम झाली. त्यामुळे कडेवर तान्हे आणि हाताशी दोन पोरे घेऊन आलेली आई स्वतः न जेवता भिंतीला टेकून उभी राहते, कारण मोठ्यांच्या ताटाचा परतावा नाही. हे पाहवत नाही. म्हणून डीकन मंडळाने, म्हणजे चर्चमध्ये गरजूंची काळजी पाहणाऱ्या सभासदांनी, आपल्या पैशातून मोठ्यांसाठी वेगळ्या टेबलावर कॉफी आणि सँडविच ठेवायला सुरुवात केली, आणि त्याचा हिशेब वेगळ्या वहीत जातो.

हॉलच्या कोपऱ्यात आणखी एक टेबल असते. एखाद्या मुलाला दूध नको असेल किंवा सफरचंद खायचे नसेल, तर न उघडलेली वस्तू तिथे ठेवायची आणि ज्याला हवी त्याने उचलायची. एक सातेक वर्षांचा मुलगा रोज आपल्या दुधाचा खोका तिथे नेऊन ठेवतो आणि टेबलापाशीच रेंगाळतो. त्याची मोठी बहीण तो लगेच उचलून पिते. तिला दोन हवे असतात आणि दोन मागण्याची लाज वाटते, हे त्या दोघांनी आपापसांत असे सोडवले आहे. आम्ही कोणी त्यावर काही बोलत नाही.

सरकारी पैशावर चालणाऱ्या जेवणाला प्रार्थनेची अट घालता येत नाही, आणि धार्मिक कार्यक्रम वेळेने किंवा जागेने वेगळा ठेवावा लागतो. त्यामुळे जूनअखेरीस जेव्हा त्याच इमारतीत ‘व्हेकेशन बायबल स्कूल’चा आठवडा येतो, तेव्हा तो संध्याकाळी आणि वरच्या मजल्यावर भरतो. या प्रकाराला शंभरावर वर्षे झाली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला एलायझा हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी चक्क एक बिअर हॉल भाड्याने घेऊन अशी शाळा भरवली होती. आता तो एक व्यवसायच झाला आहे. प्रकाशन संस्था दर वर्षी एक कल्पना ठरवतात, कधी समुद्र, कधी अंतराळ, कधी जंगल, आणि गाणी, खेळ, हस्तकला व सजावटीच्या सूचना यांचा संच खोक्यात भरून विकतात. मागे समुद्र होता तेव्हा वरच्या मजल्याच्या छताला निळे टेबलक्लॉथ टांगले होते आणि कागदी आकाशकंदिलांना फिती चिकटवून त्यांचे जेलीफिश केले होते. दिवाळीतले आकाशकंदील करून हात बसलेल्या आम्हा दोघीतिघींची तिथे बरीच वाहवा झाली.

माझ्या मुलीला तिथे पाठवायचे की नाही यावर आमच्या घरात वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. बायबलची शाळा म्हटल्यावर तिथे बायबल शिकवणार. त्यात लपवाछपवी काही नाही. अर्जात ॲलर्जी, आणीबाणीचा फोन नंबर आणि मुलाला न्यायला कोण येणार एवढे विचारले होते, आणि ‘तुमचे चर्च कोणते’ हा रकाना ऐच्छिक होता. मला खरा विश्वास दुसऱ्याच गोष्टीमुळे वाटला. पेनसिल्व्हेनियात मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकाला पोलिसांचा आणि बालछळाच्या नोंदीत नाव नसल्याचा असे दाखले आणावे लागतात. या चर्चने ते आकाशकंदील चिकटवणाऱ्या माझ्याकडूनही घेतले, आणि कोणत्याही खोलीत एकटी मोठी व्यक्ती मुलांबरोबर असणार नाही हा नियम पाळकबाईंसह सर्वांना लागू केला. मुलगी गेली, हातवारे करून म्हणायची गाणी शिकली, बायबलमधल्या योनाला गिळणाऱ्या माशाचे चित्र काढून घरी आली, आणि गणपतीत तेच चित्र आरासीच्या मागे लावायचा हट्ट धरून बसली. मिरज-सांगलीकडच्या मंडळ्यांतही मेच्या सुट्टीत अशा शाळा भरतात. तिथल्या मैत्रिणींना मी ही गाणी पाठवली तेव्हा त्यांतली काही त्यांना मराठीतून पाठ होती.

मोठ्या मुलांची सेवायात्रा हा या उन्हाळ्यातला मला सर्वांत कमी पटलेला भाग आहे. हायस्कूलची मुले आठवडाभर ॲपलॅचियाच्या डोंगरांत जातात आणि तिथल्या गरिबांची घरे दुरुस्त करतात. १९६९ साली एका मेथडिस्ट पाळकाने सुरू केलेल्या संस्थेमार्फत हे काम चालते आणि त्यात अनेक पंथांची मुले असतात. पंधरा वर्षांच्या, हातोडी कधी न धरलेल्या पोराने घातलेला जिना किती टिकेल, आणि प्रवासाला जमवलेल्या पैशांत तिथलाच सुतार नेमला असता तर काय वाईट झाले असते, ही शंका मी एकदा एका एल्डर, म्हणजे चर्चचा कारभार पाहायला निवडलेल्या, गृहस्थांकडे बोलून दाखवली. ते रागावले नाहीत. मुलांवर देखरेख करणारी जाणती माणसे तिथे असतात, असे त्यांनी सांगितले, आणि मग म्हणाले की हा प्रश्न सेशनमध्येही दर दोन वर्षांनी निघतो व दर वेळी थोड्या मतांनी यात्रा टिकते.

ते सेशन म्हणजेच या पंथाचा कणा. मंडळीने निवडून दिलेले एल्डर आणि अध्यक्षस्थानी पाळक अशी ही सभा असते. एल्डरची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते आणि सलग सहा वर्षांहून अधिक कोणाला राहता येत नाही. तळघर कोणाला द्यायचे, बागेतल्या वाफ्यांचे टोमॅटो आणि झुकिनी अन्नपेढीला (गरजूंना अन्न मोफत वाटणाऱ्या केंद्राला) पाठवायची की दारात ठेवायची, उष्णतेची लाट आली तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन करायची पाळी कोणत्या डीकनची, हे सारे ठराव, अनुमोदन आणि मतदान यांतून जाते. बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते. मलाही वाटत असे. पण एखाद्या उत्साही पाळकाच्या करिष्म्यावर चाललेली कामे तो बदलून गेला की कशी कोसळतात हे मी पाहिले आहे, आणि इथे मात्र अन्नपेढी चार पाळक बदलूनही चालू आहे. मिरजेचे रुग्णालय डॉ. वानलेस यांच्या नंतरही चालत राहिले, त्यामागे त्यांनी तयार केलेले सहकारी आणि शिष्य तर होतेच, पण अशा ठरावांनी बांधलेली माणसे दूर कुठेतरी बसलेली असणार, असे मला आता वाटते.

सध्या सेशनपुढे ऑगस्टचा प्रश्न आहे. सरकारी जेवण ऑगस्टच्या मध्यावर संपते आणि शाळा महिनाअखेरीस उघडतात, म्हणजे मधले दिवस मुलांना दोन्हीकडून काही नाही. २०२४ पासून पात्र मुलांना उन्हाळ्यासाठी १२० डॉलर कार्डावर मिळू लागले आहेत, पण ते तोवर पुरत नाहीत, असे आया सांगतात. त्या दिवसांसाठी घरी न्यायच्या पिशव्या भरायच्या असे ठरले आहे. शहराची मोठी अन्नपेढी काही माल देणार, उरलेला मंडळीने आणि शेजाऱ्यांनी आणायचा. आमच्या ओळखीच्या मराठी घरांनी शेंगदाण्याचे लोणी आणि मनुका अंगावर घेतल्या आहेत. यादीवर बँकवाल्या बाईंनी लाल शाईने तीन सूचना लिहिल्या आहेत: शिजवावे लागेल असे काही नको, काचेची बरणी नको, आणि डबे घ्यायचे तर कडी ओढून उघडणारेच घ्या, कारण पुष्कळ घरांत टिन कापायचे हत्यार नसते.